सगुणाताईंनी मासळी सोडली

समजा, सकाळी नऊ वाजता तुम्हाला वाशीतल्या एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर बोलावलंय. तुम्ही ठणठणीत आहात. सुई टोचायची नाही, काही कापायचं नाही. तुमच्या हातात झाकणाचा एक डबा देतात आणि एक बाथरूम दाखवतात. बाथरूम स्वच्छ आहे, कडी नीट लागते, कोपऱ्यात एक्झॉस्ट फॅन फिरतोय. काम एकच, जे तुम्ही लहानपणापासून रोज करत आला आहात. फक्त दाराबाहेर एक नर्स, लॅबचा एक माणूस, म्हणजे मी, आणि एका आजारी बाईंचा नवरा असे तिघं उभे आहेत, आणि तिघंही तुमच्यासाठी थांबलेत. आता बसा. होतंय का?

सगुणा म्हात्रे यांना हे काम सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "यात कसली परीक्षा? मी तर रोज पास होते."

सगुणाताई कोपरखैरणे गावातल्या. आजूबाजूचे लोक पत्ता सांगताना सेक्टरचा नंबर सांगतात. गावातले अजूनही "आमी गावान राहतो" म्हणतात, जरी चहूबाजूंनी सोसायट्या उभ्या राहून गाव आता शोधावं लागतं. सासऱ्यांच्या काळात घरापुढे भाताची खाचरं होती आणि पलीकडे खाडी. खाचरांच्या जागी आता एक शाळा आणि मोबाइलची दुकानं आहेत, घराच्या जागी चार मजली इमारत. तळमजल्यावर सगुणाताई आणि त्यांचे पती देवजी, पहिल्या मजल्यावर मुलगा मितेश, त्याच्या वर भाडेकरू. गच्चीवर भाडेकरूंनी उन्हाळ्यात कपडे वाळत घालायचे नाहीत असा नियम आहे, कारण तेव्हा तिथे जवळा आणि बोंबील वाळत असतात.

वय सत्तेचाळीस. आवाज असा की खालच्या मजल्यावरून हाक मारली तर चौथ्या मजल्यावरचं लहान मूल दचकतं. औषधाच्या नावाने त्यांना हसू येतं. ताप आला तर पेज प्यायची आणि झोपायचं. आणि त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता, जी चारचौघांत कुणी बोलत नाही, पण त्या खुशाल बोलायच्या: त्यांचं पोट. "चहाचा कप खाली ठेवला की उठायचा, एवढाच मना ठाऊक," असं त्या बायकांना सांगायच्या, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

दुसऱ्या मजल्यावर पाटणकर राहायचे. सुमेधा पाटणकर वाशीतल्या एका शाळेत गणित शिकवायच्या, त्यांचे पती सुभाष तुर्भ्याच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. दोघंही वाईकडचे, घरात अंडंसुद्धा न येणारे. खाली सुकटाची फोडणी बसली की वरून चंदनाच्या अगरबत्तीचा वास यायचा. यावरून कधी कुणी कुणाला एक शब्द बोललं नव्हतं. हीच त्यांची ओळख.

सुमेधाबाईंच्या दाढेत पू झाला, तिथून सगळं सुरू झालं. अँटिबायोटिक झाली. दाढ बरी झाली आणि जुलाब लागले. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं बाहेरचं पाणी. तपासणीत कळलं की आतड्यात एका जिवाणूने ठाण मांडलंय. डॉक्टर त्याला थोडक्यात 'सी-डिफ' म्हणतात.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंची दाट वस्ती असते. ते अन्न आंबवतात, आतड्याचं अस्तर राखतात, आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात. त्यामुळे एखाद्या उपद्रव्याला हातपाय पसरता येत नाहीत. दाढेचं औषध दाढेपुरतं थांबत नाही. ते पोटातली वस्तीही झोडपून काढतं. सी-डिफ मात्र स्वतःभोवती टणक कवच करून तग धरतो आणि रान मोकळं झालं की माजतो. त्याच्यावर उपाय काय? दुसरं अँटिबायोटिक. त्याने तो दबतो, पण उरलीसुरली वस्तीही जाते, आणि औषध थांबलं की तो परत येतो. सुमेधाबाईंच्या बाबतीत तो तीनदा परत आला होता. शाळा सुटली, वजन उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

एका संध्याकाळी दवाखान्यातून येताना त्या पहिल्या जिन्यावरच बसल्या. सगुणाताई दारात कोथिंबीर निवडत होत्या.

"मॅडम, काय झाला? चक्कर आली?"

"काही नाही, सगुणाताई. जरा दम घेते."

"दोन पायऱ्यांत?" त्यांनी सुभाषरावांकडे मोर्चा वळवला. "सर, यांना झालाय काय? खरा सांगा. आमी काय परके हाय?"

सुभाषराव चाचरले. "आता एकच उपाय आहे म्हणतात. पण त्यासाठी कुणाचं तरी... म्हणजे दुसऱ्या निरोगी माणसाचं... द्यावं लागतं."

"रगत?"

"नाही."

"किडनी?"

"नाही हो."

"मंग काय, डोळा? बोला की सर, लाजता काय नवरीसारखे."

सुभाषरावांनी जिन्याच्या कठड्याकडे बघत सांगितलं, "शौच."

सगुणाताईंच्या हातातली कोथिंबीर खाली पडली. मग त्या हसल्या. इतक्या हसल्या की देवजी आतून धावत आले. आणि हसून झाल्यावर, डोळे पुसत, अगदी सरळ म्हणाल्या, "मंग घ्या ना माझी. रोज फुकट जाते."

उपाय ऐकायला गलिच्छ वाटतो, पण खुळचट नाही. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू क्षाराच्या पाण्यात मिसळतात, गाळतात आणि दुर्बिणीने रोग्याच्या आतड्यात सोडतात. म्हणजे उजाड गावात शेजारच्या गावातली माणसं नेऊन वसवायची. काही वर्षांपूर्वी युरोपात याची एक चाचणी चालली होती. ती अर्ध्यातच थांबवली, कारण या उपायाने इतके जास्त रोगी बरे होत होते की बाकीच्यांना जुन्या औषधावर ठेवणं अन्यायाचं वाटू लागलं.

दाता मिळणं मात्र कठीण. सुभाषरावांना मधुमेह, शिवाय रोज आम्लपित्ताची गोळी, ते बाद. मितेशनेही नाव दिलं, पण त्याने नुकतंच दंडावर एकविरा आईचं चित्र गोंदवून घेतलं होतं. सुईतून काही संसर्ग झाला असेल तर तो इतक्यात दिसत नाही, म्हणून तोही बाद. देवजींनी पायाच्या जखमेसाठी गोळ्या घेतल्या होत्या. राहिल्या सगुणाताई.

पोटाच्या डॉक्टर होत्या गीतांजली सामंत. त्यांनी विचारलं, "शेवटची अँटिबायोटिक कधी घेतली?"

"मितेश झाला तवा कायतरी टोचला व्हता."

"मितेश किती वर्षांचा?"

"सव्वीसचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रक्त तपासलं, विष्ठा तपासली. कावीळ, जंत, औषधांना न जुमानणारे जिवाणू, असं बरंच काही शोधलं. आमच्या लॅबमध्ये अशा तपासणीत बहुतेक जण कुठेतरी अडकतात. सगुणाताई कुठेही अडकल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं: "नेहमीसारखं वागा, नेहमीसारखं जेवा, आणि ठरलेल्या सकाळी या."

सगुणाताई नेहमीसारख्या वागल्या नाहीत.

ठरलेल्या सकाळी त्या आल्या त्या हिरवी काठापदराची साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून. आदल्या दिवशी दिलेला डबा त्यांनी घरी नेला होता, तो परत आणला तेव्हा त्याच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटं होती.

नर्स डब्याकडे बघतच राहिली. "ताई, हे काय?"

"दान हाय ना. दान असा उघडाबोडका देतात काय?"

मागून देवजी म्हणाले, "अगो, फीत कापाला मंत्र्याला बोलवू काय?"

"तुमी गप बसा," असं म्हणून त्या आत गेल्या. आत नळ वाजला. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही.

नर्सने दारावर हळूच टकटक केली. "ताई, झालं का?"

"झाला की मीच वरडंल ना!"

त्या बाहेर आल्या, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या, गरम पाणी प्यायल्या, परत आत गेल्या. परत रिकाम्या हाताने बाहेर आल्या. गजरा कलला होता. एव्हाना कुणी हसत नव्हतं. पलीकडच्या खोलीत सुमेधाबाई सलाइन लावून पडल्या होत्या. दुर्बीण घालायची म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांना आतडी धुणारं औषध दिलं होतं, आणि आधीच पाण्यासारख्या झालेल्या त्या बाईला ते किती जड गेलं असेल ते सांगायला नको. आजचा दिवस गेला तर ते सगळं पुन्हा. डॉक्टर सामंत सुभाषरावांना बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "ते पुन्हा करायची त्यांची ताकद नाहीये. आणि सूज वाढली तर मग मोठं आतडं काढायचा विचार करावा लागेल." सुभाषराव हे ऐकून सगुणाताईंच्या समोरच्या बाकावर येऊन बसले होते. त्यांच्याकडे बघायचं त्यांना धाडस होत नव्हतं. आणि सगुणाताईंना त्यांच्याकडे.

डॉक्टरांनी सगुणाताईंना आत बोलावलं. "काल काय जेवलात?"

"केळा."

"आणखी?"

"दूध."

"परवा?"

"साबुदाना." मग जरा थांबून, "थोडा."

"उपास होता का?"

सगुणाताईंनी कललेला गजरा सारखा केला. मागोमाग आत आलेल्या देवजींना राहवलं नाही. "चार दिवस झाले, डॉक्टर! घरान ताजा पापलेट आनला, हात लावला नाय. सुकट नाय, भाकरी नाय. मना बोलली पोटाला बरा नाय. पोटाला बरा नाय तं हिथं कनाला आयलीस?"

"पोटाला बरा हाय," सगुणाताई हळू आवाजात म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना देवजींनीही त्यांना कधी ऐकलं नसेल. "मॅडम अंडा पन खात नाय. माझ्या पोटातला बोंबील त्यांच्या पोटात जाऊन बसला तं? त्यांना बरा करायचा आनि वरून बाटवायचा, असा नको. म्हटला, आतून साफ व्हावा, मंग द्यावा."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "सगुणाताई, मी ज्या पोटाची तपासणी केली ते बोंबील खाणारं पोट होतं. मला तेच हवंय. तुमच्याकडून तुमचं जेवण जात नाही, तिथे राहणारे जातात. आणि चार दिवसांच्या साबुदाण्याने ते काही घर सोडून गेले नसतील. फक्त आता बाहेर यायला तयार नाहीत."

"ते तुमी सांगता. तुमी डॉक्टर, तुमाला सगलाच चालतंय. मॅडमना विचारला काय?"

कुणीच विचारलं नव्हतं. इतके कागद भरले, इतक्या सह्या झाल्या, पण देणारी बाई मासे खाते हे चालेल का, असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि दार उघडून म्हणाल्या, "चला. तुम्हीच विचारा."

सुमेधाबाईंचे ओठ सुकले होते. सगुणाताई पलंगाजवळ उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं बोलल्या, बोंबलासकट.

"तुम्ही मासे सोडलेत? माझ्यासाठी?"

"चारच दिस."

सुमेधाबाई छताकडे बघत म्हणाल्या, "तुमच्याकडे सुकट झालं की मी अगरबत्ती लावायचे. तुम्हाला माहितीय ना?"

"माहीत हाय. चंदनाची."

"गेले दोन महिने नाही लावली. ताकद नव्हती म्हणून असेल. पण वास यायचा तेव्हा मनात यायचं, खाली बाई भाकरी थापतेय, तिला भूक लागलीय. मला परत कधी लागणार?" त्यांनी हात पुढे केला, तो सलाइनच्या नळीला अडला. "ताई, मला भूक हवीय. कुणाची का असेना. जा, जेवून या."

देवजी तोपर्यंत स्कूटरवर बसले होते. कोपरखैरण्याला जाऊन ते परतले तेव्हा स्टीलच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याचं कालवण होतं, थर्मासमध्ये चहा. सगुणाताई हॉस्पिटलच्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या. डबा उघडताच शेजारी इडली खाणारे एक गृहस्थ थाळी उचलून पंख्याखाली गेले. सगुणाताईंना पर्वा नव्हती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की आत्ता खाल्लेलं आज बाहेर येणार नाही, पण वर घास पडला की खालच्या आतड्याला निरोप जातो, सरका, जागा करा.

"सावकाश खा," देवजी म्हणाले. "ठसका लागंल. मंग त्याचा येगला हॉस्पिटल."

पहिली भाकरी संपली, दुसरी अर्धी झाली. चहा ओतला. निम्मा कप झाला असेल, सगुणाताईंनी तो एकदम खाली ठेवला. डोळे मोठे झाले.

"डबा कुठं हाय?"

"वर हाय, नर्सकडं."

त्या उठल्या आणि हिरव्या साडीचा काठ हातात धरून लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेल्या.

थोड्या वेळाने आतून आलेली हाक त्या मजल्यावर सगळ्यांनी ऐकली: "झाऽला!"

नर्सने टाळी वाजवली. देवजी जिन्यात बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. सुभाषराव, जे इतके दिवस हा शब्द उच्चारतानाही दुसरीकडे बघायचे, ट्रेमधला तो कुंकू लावलेला डबा समोरून जाताना उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. कुणाला ते विचित्र वाटलं नाही.

लॅबमध्ये पुढचं काम साधं आणि वासाचं असतं. वजन करायचं, क्षाराचं पाणी घालायचं, घोटायचं, गाळायचं, मोठ्या सिरिंजांमध्ये भरायचं. चहाच्या रंगाचं पाणी. दुपारी ते सुमेधाबाईंच्या आतड्यात सोडलं.

सगुणाताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारून वरच्या मजल्यांचा मैलापाण्याचा पाइप उतरतो. गेले कित्येक महिने तो दिवसभर खळखळायचा आणि कारण कळल्यापासून प्रत्येक खळखळीला सगुणाताई म्हणायच्या, "गेली बिचारी." सुमेधाबाई घरी आल्यानंतर त्या सकाळपासून ओट्याशी उभ्या राहून पाइपाकडे कान लावून असायच्या. पहिले काही दिवस तो वाजला. मग कमी वाजला. मग एका सकाळी एकदाच वाजला, आणि नंतर दुपारपर्यंत गप्प. सगुणाताईंनी देवजींना ओढत खिडकीशी आणलं.

"काय हाय?" देवजी म्हणाले. "कायच येत नाय ऐकाला."

"तेच तं!" त्या म्हणाल्या आणि पदराला डोळे पुसत खुर्चीत बसल्या. इतके दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना वाटत होतं, आपल्यातच काही कमी असलं तर? चार दिवसांच्या साबुदाण्याने सगळं बिघडवलं असलं तर?

दिवाळीनंतर सुमेधाबाई शाळेत जाऊ लागल्या. पाचव्या इयत्तेला अपूर्णांक, तेही उभं राहून. त्या आता जिना न थांबता चढतात. मासे खात नाहीत. पण भूक लागते, आणि ती लागली की थांबवत नाही. "जेवण झालं का हो, सगुणाताई?" असं वरून ओरडून विचारतात, तेव्हा देवजी म्हणतात, "मॅडम, जपून ऱ्हावा. हिचा आवाज पन आलाय तुमच्यात."

तपासणीच्या दिवशी सगुणाताईही सोबत गेल्या, "माझा माल कसा हाय ते बघाला." डॉक्टर सामंतांनी सांगितलं की सुमेधाबाईंच्या पोटातली वस्ती आता सगुणाताईंच्या वस्तीसारखी दिसतेय. रुजली.

"आनि माझ्यात ती कुठून आयली?"

"सुरुवात आईकडून," डॉक्टर म्हणाल्या. "बाळ जन्मताना आईचे जिवाणू त्याला मिळतात. पुढे घर, माती, जेवण, यातून भर पडत जाते."

परतताना रिक्षात सगुणाताई गप्प होत्या, आणि हे इतकं नवलाचं होतं की सुमेधाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

काही दिवसांनी सगुणाताई दात्याच्या फेरतपासणीसाठी आमच्या लॅबमध्ये आल्या. नमुना दिला आणि निघायच्या ऐवजी टेबलाशी उभ्या राहिल्या.

"एक विचारायचा व्हता. माझी आय नावड्याची. भागीरथी. मिठागरावर जायची. मी लान व्हते तवाच गेली, मना तिचा तोंड पन नीट आठवत नाय. तिच्याकडून आलेले ते जिवानू, ते अजून हायेत का माझ्यात?"

मी जे खरं होतं ते सांगितलं. काही जाती आईकडून येऊन पुढे टिकतात असं दिसलंय, पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी किती उरतात हे नक्की कुणाला माहीत नाही. आणि तुमच्या बाबतीत ओळखायचं तर तुलनेला आईचाही नमुना लागला असता.

त्यांनी मान हलवली. दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या.

"नाय, तसा नाय. मना येवढाच सांगा, मॅडम बऱ्या झाल्या त्या कोनामुले? माझ्यामुले का माझ्या आयेमुले?"